तक्रार

मुहर्रकच्या मासळीबाजारामागे, दुसऱ्या माळ्यावर,
नायबांचं ऑफिस.
आमच्याकडे नायब म्हणजे तहसीलदाराच्या एक पायरी खाली,
इथे लोकांनी निवडून दिलेला.
मी निजाम सारंग. चहा करतो
आणि त्यांची पत्रं वजिरांकडे पोचवतो.

लिपी मला येते.
दाभोळच्या मदरशात अलिफ-बे छडी खाऊन शिकलो.
पण वाचता येणं वेगळं, कळणं वेगळं.
खमीस साहेबांचं पत्र मी घडाघडा वाचून दाखवीन
आणि आत काय लिहिलंय ते मला सांगता येणार नाही.

तरी सांगतो.
कारण मंगळवारी मगरिबनंतर माणसं आधी माझ्यापाशी बसतात,
अर्धी हिंदी, अर्धे हात.
जावक वहीत शेवटच्या रकान्यात माझी नोंद, मराठीत:

३९७. उम्म सलमान. घराचा अर्ज.
अर्ज केला तेव्हा सलमान रांगत होता, आता दाढी करतो.
४०२. जासिम, मच्छीवाला. समुद्रात भराव घातला,
बंदराचं तोंड बुजलं, ओहोटीला होडी चिखलात बसते.
हे मला हातांनी समजवावं लागलं नाही.
४०६. शाळेपुढे गतिरोधक हवा.
पोरगी बरी आहे. पाय प्लास्टरमध्ये.

बुधवारी पुलावरून मनामाला. बस थंडगार, मांडीवर पाकिटं.
खिडकीवरचा पोरगा न बघता शिक्का मारतो,
पोच देतो.
पाच आठवड्यांनी उत्तर. सगळ्यांना एकच, तीन शब्दांचं,
त्यातला पहिला माझ्या ओळखीचा: कैद.
"म्हणजे काय, साहेब?"
"म्हणजे अभ्यास चालू आहे."
मी वहीत लिहिलं, ३९७ कैदेत.

एकदा बोलून गेलो,
"साहेब, बाई तक्रार घेऊन आल्यात."
ते हसायला लागले, चष्मा पुसेपर्यंत हसले.
"तक्रार? अरे, तक्रार म्हणजे पुन्हा पुन्हा. तेच तेच."
म्हटलं, आमच्याकडेही तसंच असतं.

जुलैत दत्ताराम गोरिवले आला, खेडचा.
साहेबांकडे नाही, माझ्याकडे.
गॅरेजमागच्या कॅम्पात एसी बंद, अकरा दिवस.
सव्वीस माणसं रात्री गच्चीवर गोणपाट ओलं करून निजतात,
पहाटे ते कडकडीत वाळतं.
ठेकेदार म्हणतो, पार्ट येतोय.

मी चहाबरोबर ते आत नेलं.
साहेबांनी चष्मा घातला, काढला.
"सव्वीसांत मतं किती?"
"एकही नाही."
त्यांना काय ठाऊक नव्हतं?
बराच वेळ पंख्याचाच आवाज.
मग कागद पुढे ओढला आणि
नऊ वर्षांत पहिल्यांदा मला विचारलं,
"विषय?"
मी म्हटलं, झोप.

४१४ गेलं. कैद.
४२१ गेलं. कैद.
४३३ मी बसमध्ये उघडून पाहिलं, चूक माझी.
दुसऱ्या ओळीत एक शब्द वाचता आला
आणि कळलाही,
त्यांच्या भाषेत आणि माझ्या.

पार्ट नोव्हेंबरात आला.
तेव्हा कॅम्पात रजया निघाल्या होत्या,
दत्ताराम म्हणाला, चालतंय का बघायला
एक रात्र लावला, कुडकुडत झोपलो.

त्याच महिन्यात निवडणूक. साहेब पडले,
एकशे बारा मतांनी.
कोणी म्हणालं, परक्यांची पत्रं लिहीत बसला.
कोणी म्हणालं, भरावाचं प्रकरण.
जाताना पेन घेऊन गेले. वही राहू दे म्हणाले.

नवे नायब अजून आलेले नाहीत, रंगकाम चालू आहे.
उम्म सलमान मात्र आली, मंगळवारीच.
मी चहा दिला. ती बोलत राहिली,
मी शेवटच्या रकान्यात लिहीत राहिलो.
पहिला रकाना, जावक क्रमांक,
कोरा ठेवलाय.